हॉर्न 'नॉट' ओके प्लीज!

'टेक्निकल काहीतरी लिही, पण मराठीत' असा हुकूम संपादक मंडळाकडून आला तेव्हा आधी हसूच आलं. शाळेत मराठी बोलल्याबद्दल दंड भरलेली मी कॉन्व्हेंटची मुलगी! ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आईने फोनवर दुरुस्त केल्या आहेत. सर्किटमधल्या चुका मात्र माझ्याच आहेत, आणि हा लेख त्यांच्याबद्दलच आहे.

झालं असं, की जुलैमध्ये मामा-मामी मला होस्टेलवर सोडायला चिपळूणहून निघाले. गाडी मामाची जुनी मारुती ८००. कुंभार्ली घाटात पावसाळ्यात धुकं कसं असतं ते त्या बाजूच्या मुलांना सांगायला नको. एका वळणावर मामाने हॉर्न दाबला आणि सर्दी झालेल्या कोंबड्यासारखा एक केविलवाणा आवाज आला. समोरून ट्रक आला तो निम्मा आमच्याच बाजूला. मामाने गाडी गटाराकडे दाबली, डावा आरसा दरडीला घासला, एवढ्यावरच निभावलं. "हॉर्न मारायला काय होतं रे?" असं ओरडून ट्रकवाला निघून गेला. मागच्या सीटवर मामी पाटण येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

भाची इलेक्ट्रिकलला आहे म्हटल्यावर वायरिंगवाल्याकडे कोण जातो? होस्टेलच्या पार्किंगमध्येच बॉनेट उघडलं. वॉचमनकाका, मेसचा पोऱ्या आणि अर्धी विंग बघायला हजर.

आता थोडी थिअरी. हॉर्नच्या आत एक इलेक्ट्रोमॅग्नेट आणि त्याच्यासमोर पोलादी पडदा असतो. करंट गेला की पडदा ओढला जातो, आणि ओढला जाताजाताच तो आतला कॉन्टॅक्ट उघडतो. करंट बंद, पडदा परत जागेवर, कॉन्टॅक्ट पुन्हा जुळतो. हे सेकंदाला साधारण ४०० ते ५०० वेळा होतं आणि त्यालाच आपण 'पॉं' म्हणतो. घरातल्या जुन्या इलेक्ट्रिक घंटीचंच हे तापट भावंड. असा एक हॉर्न चारेक अँपिअर खातो. मामाच्या गाडीत आधीच्या मालकाने दोन मोठे हॉर्न बसवले होते, म्हणजे झाले आठ. एवढा करंट स्टेअरिंगवरच्या नाजूक बटणातून नेला तर ते लवकर जळेल, म्हणून मध्ये रिले. बटण फक्त रिलेच्या कॉइलला अर्थ देतं, त्यात जेमतेम ०.१५ अँपिअर जातो. जड करंट बॅटरी, फ्यूज, रिले, हॉर्न आणि तिथून बॉडीच्या पत्र्यातून परत बॅटरीच्या मायनसला असा फिरतो. हा परतीचा रस्ता लक्षात ठेवा.

मामाला म्हटलं, हॉर्न दाब. रिलेतून 'टक्' ऐकू आलं. या एका 'टक्'मध्ये निम्मं निदान असतं. बटण, त्याची वायर, रिलेची कॉइल सगळं ठीक, दोष पुढच्या भागात. टक् आलाच नसता तर बटणाकडे किंवा फ्यूजकडे बघावं लागलं असतं. इथपर्यंत मी बरोबर होते.

मग हॉर्नचा कनेक्टर काढून तिथे मल्टीमीटर लावला. १२.४ व्होल्ट. झकास. मायनसच्या वायरपासून बॉडीपर्यंत कंटिन्युइटी बघितली. बीप! मी ऐटीत जाहीर केलं, "वायरिंग ओके, हॉर्न गेलेत." मामाने गावातून बाराशे रुपयांची नवी जोडी आणली, आम्ही बसवली, सगळ्यांनी श्वास रोखला... आणि तोच सर्दीवाला कोंबडा. मेसचा पोऱ्या हसला नाही, हे त्याचे उपकार. मामा म्हणाला, "असू दे गं, शिकतेयस अजून." हे जास्त लागलं. तो दुसऱ्या दिवशी उजेडात, हळूहळू घाट उतरून गेला आणि पोचल्याचा फोन येईपर्यंत माझं लेक्चरमध्ये लक्ष नव्हतं.

मशिन्स लॅबमधल्या काकांना सगळं सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "लोडवर मोजलंस का?"

नव्हतं मोजलं. हॉर्न काढून व्होल्टेज बघितलं, म्हणजे करंट शून्य. करंट शून्य तर वाटेत कितीही रेझिस्टन्स असो, ड्रॉपही शून्य, मीटर १२.४ दाखवणारच. आणि कंटिन्युइटीचा बीप? मीटर त्यासाठी अगदी किरकोळ करंट सोडतो. मध्ये पाव ओहम असो की पाच, बीप तोच. नळाला पाणी येतं की नाही हे थेंब बघून ठरवण्यासारखं झालं. थेंब पडतो, पण बादली भरत नाही. ओहम्स लॉ मी बारावीपासून घोकते आहे, व्हायव्हात त्याचे मार्कही मिळवले आहेत. पार्किंगमध्ये मात्र तो आठवला नाही!

तोपर्यंत मामाने गाडी घाटात घातलीच नाही. गणपतीच्या सुट्टीत एसटीने चिपळूणला गेले आणि यावेळी हॉर्न जोडलेलाच ठेवून, मामाला दोन-दोन सेकंद बटण दाबायला लावून तीन ठिकाणी मोजलं. (कॉन्टॅक्टची उघडझाप चालू असल्याने आकडे नाचतात, सरासरी धरायची.) बॅटरीच्या प्लसपासून हॉर्नच्या प्लसपर्यंत ०.४ व्होल्ट. खुद्द हॉर्नवर ८.१. हॉर्नच्या मायनसपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत ३.९! बेरीज १२.४. किरचॉफसाहेब कुठेही चुकले नव्हते. या शेवटच्या टप्प्यात अर्ध्या व्होल्टच्या आत काहीतरी यायला हवं, इथे जवळपास चार व्होल्ट हॉर्नऐवजी अर्थिंगमध्ये जळत होते.

अर्थची वायर रेडिएटरजवळच्या पत्र्याला बोल्टने आवळलेली होती. दहा नंबरच्या पान्याने बोल्ट काढला आणि उलगडा झाला. मागे केव्हातरी पुढचा भाग ठोकून रंगवून घेतला होता आणि थिंबल सरळ रंगावरच आवळलं होतं. अर्थ मिळत होता तो फक्त बोल्टच्या आट्यांमधून. चिपळूणच्या दोन पावसाळ्यांत त्याही गंजल्या. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, थिंबलही घासलं, बोल्ट नवा टाकला, आवळल्यावर वरून ग्रीस लावलं. खर्च पाच रुपये. पुन्हा मोजलं. अर्थिंगमध्ये ०.१, हॉर्नवर ११.८. आवाज असा निघाला की शेजारच्यांची आरती थांबली.

खरं तर मल्टीमीटरशिवायही हे पाच मिनिटांत कळलं असतं. एक जाड वायर घ्यायची, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं हॉर्नच्या मायनसला, आणि हॉर्न दाबायचा. आवाज खुलला तर अर्थिंगच वाईट. नाही खुलला तर हॉर्न काढून फ्यूज लावलेल्या वायरने थेट बॅटरीवर वाजवून बघा. तरीही घोगरा असेल तरच हॉर्नला दोष द्या. त्यातही पाठीमागच्या स्क्रूला पाव-पाव फेरा देऊन बघा (आधीची जागा खूण करून ठेवा), कधीकधी तेवढ्यानेही भागतं.

बाकी रोगांची लक्षणं वेगळी. स्टेअरिंग ठराविक कोनात फिरवलं की हॉर्न बंद पडत असेल, तर स्टेअरिंगखालचा फिरता कॉन्टॅक्ट झिजलाय. एअरबॅगवाल्या गाडीत मात्र तिथे हात घालू नका, ती जाणकाराकडेच न्या. रात्री-अपरात्री हॉर्न आपोआप वाजत सुटला तर आधी रिले उपटा. गप्प झाला तर रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटलेत किंवा बटणाची वायर कुठेतरी बॉडीला टेकतेय. फ्यूज पुन्हापुन्हा उडत असेल तर मोठा फ्यूज टाकू नका, कुठेतरी शॉर्ट आहे. आणि नुसत्या पावसानंतर आवाज बसत असेल तर कर्ण्यात पाणी साचतंय, त्याचं तोंड खाली करून बसवा.

मधल्या काळात मामाचं 'प्रेशर हॉर्नच टाकू या' असं चाललं होतं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ११९ दाखवून मी ते थांबवलं. एकामागोमाग सूर काढणारे आणि कर्कश हॉर्न त्यात बाद आहेत. शिवाय त्याच अर्थवर प्रेशर हॉर्नही घोगराच वाजला असता.

काढलेली जुनी जोडी थेट बॅटरीवर लावून बघितली. दोन्ही खणखणीत. बाराशे रुपये मामाने माझ्याकडून घेतले नाहीत, पण जुने हॉर्न मला देऊन टाकले. ते आणि मल्टीमीटर सध्या लेडीज होस्टेलच्या माझ्या खोलीत आहेत. कोणाला मीटर हवा असेल तर जरूर न्या, फक्त त्याचा नऊ व्होल्टचा सेल संपत आलाय, तो आपला आणा.