लेक इंजिनिअरिंगला निघाली. फी माफ झाली तरी बाबांचे काम संपत नाही!

सिंधुदुर्गनगरी : सीईटीचा निकाल लागला की अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते. मुलीला इंजिनिअरिंगला घालायचे का, आणि घातले तर कुठे? पैशांइतकाच हा प्रश्न वडिलांच्या मनाच्या तयारीचाही असतो.

फी किती माफ?
8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातील मुलींचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क 100 टक्के माफ आहे. पूर्वी ही सवलत 50 टक्के होती. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत हवे आणि प्रवेश कॅपमधून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशाला ही सवलत नाही.

मग खर्च कशाचा?
होस्टेल, मेस, प्रवास आणि लॅपटॉपचा. त्यासाठी एआयसीटीईची 'प्रगती' शिष्यवृत्ती आहे. निवड झाल्यास वर्षाला 50 हजार रुपये मिळतात. एका कुटुंबातील दोन मुलींना अर्ज करता येतो.

कागदपत्रे कधी काढायची?
निकालाची वाट पाहू नका. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन क्रीमीलेअरसाठी तहसील कार्यालयाच्या फेऱ्या होतात. जात पडताळणीसाठी तर दोडामार्गपासून वैभववाडीपर्यंतच्या पालकांना ओरोसच गाठावे लागते. ही धावपळ वडिलांनी अकरावी-बारावीतच उरकली, तर ऐनवेळी मुलीची जागा अडत नाही.

लांब पाठवायचे नसेल तर?
कणकवली आणि सावंतवाडीत इंजिनिअरिंग कॉलेज आहे. मालवणच्या शासकीय तंत्रनिकेतनात दहावीनंतर डिप्लोमा करून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते.

पसंतीक्रम कोणाचा?
खरी कसोटी इथेच लागते. कॅपच्या पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले, तर तीच जागा घ्यावी लागते. 'घराजवळ आहे' म्हणून वडिलांनी वर टाकलेला पर्याय मुलीची चार वर्षे ठरवून टाकतो. त्यामुळे फॉर्म बाबांनी भरला तरी क्रम लेकीनेच सांगायला हवा.

हे नवे नाही
ए. ललिता अठराव्या वर्षी विधवा झाल्या, तेव्हा पदरात तान्ही मुलगी होती. मद्रासच्या गिंडी इंजिनिअरिंग कॉलेजात प्राध्यापक असलेल्या वडिलांनी प्राचार्यांशी बोलून त्यांना तिथेच प्रवेश मिळवून दिला. देशातील पहिल्या महिला इंजिनिअरांमध्ये आज त्यांचे नाव घेतले जाते. वडिलांनी दार उघडून दिले; पुढचा अभ्यास ललितांनीच केला.