एक किल्ली, दोन कुलपे



स्तनातील गाठीचा अहवाल हातात घेऊन काही भगिनी मला विचारतात, “यात ‘ईआर पॉझिटिव्ह’ लिहिलंय. पॉझिटिव्ह म्हणजे वाईटच ना?” अहवाल हिब्रूत, मधे इंग्रजी अक्षरे, आणि मनात धास्ती. म्हणून या वेळी या दोन अक्षरांविषयीच लिहिते.

ईआर म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर. इस्ट्रोजेन हे संप्रेरक रक्तातून सगळ्या शरीरात फिरते, पण काम करते ते ठरावीक पेशींतच. असे का, हे १९५०च्या दशकाच्या अखेरीस शिकागो विद्यापीठातील एल्वुड जेन्सन यांनी शोधले. त्यांनी इस्ट्रोजेनला किरणोत्सर्गी हायड्रोजनची खूण लावून ते उंदराच्या मादीला दिले. स्नायूंतून ते निघून गेले, गर्भाशयात मात्र टिकून राहिले. म्हणजे त्याला धरून ठेवणारे काहीतरी तेथे होते. तेच हे रिसेप्टर. इस्ट्रोजेन ही किल्ली मानली, तर रिसेप्टर हे कुलूप. किल्ली बसली की रिसेप्टर पेशीतील जनुकांना जाऊन चिकटतो आणि कोणते काम सुरू करायचे, कोणते थांबवायचे, ते ठरते.

पुष्कळ वर्षे शास्त्रज्ञांना वाटत होते की कुलूप एकच आहे. १९९६ साली स्वीडनमध्ये दुसरे सापडले, आणि तेही नर उंदराच्या प्रोस्टेट ग्रंथीत! पहिल्याला अल्फा आणि दुसऱ्याला बीटा म्हणतात. दोघांची जनुके वेगळी आहेत. माणसात अल्फाचे जनुक सहाव्या गुणसूत्रावर, तर बीटाचे चौदाव्यावर असते. जनुकाला चिकटण्याचा भाग दोघांत जवळजवळ सारखा असतो, पण संप्रेरक धरण्याचा भाग निम्म्याहून थोडाच अधिक जुळतो. सख्खी भावंडे, पण स्वभाव वेगळे.

गर्भाशय, स्तन, यकृत आणि हाडे यांत अल्फाचे राज्य. बीजांडकोश, प्रोस्टेट, फुप्फुस आणि आतडे यांत बीटा ठळकपणे आढळतो. प्रयोगशाळेत अल्फाचे जनुक बंद केलेल्या उंदरांच्या माद्या वांझ राहिल्या. बीटा बंद केलेल्या माद्यांना पिल्ले झाली, पण कमी.

इथे पुरुष वाचकांनी पान उलटू नये. १९९४ साली अमेरिकन डॉक्टरांनी २८ वर्षांच्या एका पुरुषाची हकिकत प्रसिद्ध केली. उंची २०४ सेंटिमीटर, आणि तो अजून वाढतच होता! हाडांची टोके जुळली नव्हती आणि हाडे ठिसूळ होती. त्याच्या रक्तात इस्ट्रोजेन भरपूर होते, पण अल्फा रिसेप्टरच्या जनुकात दोष होता. किल्ली होती, कुलूप बिघडलेले. पुरुषांच्या हाडांनाही इस्ट्रोजेन लागते, हे यातून स्पष्ट झाले.

आता अहवालाकडे येऊ. ईआर पॉझिटिव्ह म्हणजे गाठीच्या पेशींत हे रिसेप्टर आहेत. ही तपासणी अल्फाची असते. स्तनाच्या कर्करोगांपैकी सुमारे ७० टक्के असेच असतात. यात दिलाशाची गोष्ट ही, की कुलूप आहे म्हणून ते अडवताही येते. टॅमॉक्सिफेन ही गोळी कुलपात जाऊन बसते आणि इस्ट्रोजेनला जागा देत नाही. अशा रुग्णांनी ती पाच वर्षे घेतली, तर या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात.

गंमत अशी, की हीच गोळी स्तनात इस्ट्रोजेनला अडवते, तर गर्भाशयात आणि हाडांत स्वतःच इस्ट्रोजेनसारखी वागते. कारण गोळी बसल्यावर रिसेप्टरचा आकार बदलतो, आणि त्या आकाराला साथ देणारी प्रथिने प्रत्येक अवयवात वेगळी असतात. म्हणून पाळी गेलेल्या स्त्रियांच्या हाडांना तिचा फायदा होतो, पण गर्भाशयाच्या अस्तराला धोका वाढतो. रॅलॉक्सिफेन ही गोळी हाडांना बळ देते आणि गर्भाशयाला उत्तेजन देत नाही. रक्ताची गुठळी होण्याचा धोका मात्र दोन्हींत आहे.

पाळी गेल्यावर शरीरातील चरबीत थोडे इस्ट्रोजेन तयार होत राहते. लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल या गोळ्या ते तयार होणेच थांबवतात. कुलपाला हात न लावता किल्लीच घडू द्यायची नाही. त्यामुळे हाडे विरळ होतात, म्हणून त्या घेणाऱ्यांनी हाडांची घनता तपासून घ्यावी.

माझे कळकळीचे सांगणे एवढेच:

पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी लाजू नका. सुनेला, लेकीला सांगा आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. टॅमॉक्सिफेन चालू असेल तर अधिकच.

एका पायाला सूज व दुखणे आले किंवा अचानक दम लागला, तर तातडीने रुग्णालय गाठा.

नैराश्यावरील पॅरॉक्सेटिन किंवा फ्लुऑक्सेटिन चालू असेल, तर टॅमॉक्सिफेन देणाऱ्या डॉक्टरांना जरूर सांगा. या औषधांनी तिचा परिणाम कमी होऊ शकतो.

आणि “बरं वाटतंय” म्हणून गोळी मनाने बंद करू नका. आज आपल्याला बरे वाटते, पण कुलपावरचा पहारा उद्यासाठी असतो. त्रास होत असेल तर कुपात होलीममध्ये डॉक्टरांना सांगा, ते पर्याय देतील.

प्रकृतीला जपा.