दमट हवेंत मोटारसायकलीची निगा

शेतकऱ्याच्या घरीं आज औत, पंप आणि फवारणीयंत्र यांच्या जोडीला बहुधा मोटारसायकलही असते. दूध पोंचविणें, खताची गोणी आणणें, भाजी खोपोलीच्या बाजारीं नेणें आणि अडल्या वेळीं रात्रीं दुखणाइतास दवाखान्यांत घेऊन जाणें, हीं सारीं कामें तिच्यावर अवलंबून असतात. असें असूनही बैलाच्या खांद्यास आवाळूं आलें तर त्याच दिवशीं औषधोपचार करणारा गृहस्थ मोटारसायकलीची साखळी लाल झालेली पाहूनही आषाढभर तशीच चालवितो. यंत्रास बोलतां येत नाहीं, हेंच याचें कारण असावें.

कुंभिवली व आसपासच्या गांवचे लोक पुष्कळदां म्हणतात कीं, समुद्र आमच्यापासून दूर, खारें वारें अलिबाग-मुरुडकडे. मग आमच्या गाड्या इतक्या कां गंजाव्या? हा प्रश्न रास्त आहे. लोखंड गंजण्यास हवा व पाणी हीं दोनच लागतात. मीठ त्या क्रियेचा वेग वाढवितें, इतकेंच. हवेंतील आर्द्रता सुमारें ६० टक्क्यांपुढें गेली म्हणजे लोखंडाच्या पृष्ठभागावर डोळ्यांस न दिसणारा पाण्याचा पापुद्रा बसतो आणि गंज झपाट्यानें चढूं लागतो. कर्जत-खालापूरचा मुलूख सह्याद्रीच्या पायथ्याशीं असल्यामुळें येथें पावसाळ्याच्या चार महिन्यांत ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि आर्द्रता आठवडेच्या आठवडे ६० च्या खालीं उतरत नाहीं. म्हणजे आभाळ कोरडें असलें तरी गाडी ओलीच असते.

शिवाय आपण समुद्राची उणीव स्वतःच भरून काढतों. मीठ सुमारें ७५ टक्के आर्द्रतेला हवेंतील पाणी ओढून पाझरूं लागतें. युरियाचेंही जवळजवळ तसेंच आहे. आवणाच्या दिवसांत खताची गोणी मागच्या बैठकीवर बांधून आणतांना तिच्या शिवणींतून सांडलेले दाणे चेसिसच्या सांध्यांत, चाकाच्या आऱ्यांत व सायलेन्सरच्या पट्ट्यांत अडकून राहतात. त्यांतही पोटॅशचें खत म्हणजे पोटॅशियमचें क्लोराइड. मिठांतील जो घटक लोखंडास खातो तोच त्यांत असतो. बोर्डो मिश्रण लोखंडी भांड्यांत करीत नाहींत हें बागाइतदारास सांगावयास नको. मग त्याचेच ओघळ गाडीच्या रिमवर वाळूं कां द्यावे? खत वा औषध वाहून आणल्यावर गाडी त्याच दिवशीं साध्या पाण्यानें धुवावी, कोरड्या फडक्यानें पुसावी, आणि उघड्या लोखंडी भागांवर तेलाचा हलका हात फिरवावा. गोणीखालीं ताडपत्रीचा तुकडा घातला तर निम्मा त्रास आधींच वांचतो.

दुसरी वाईट संवय म्हणजे गाडी गोठ्यांत लावणें. पाऊस लागत नाहीं, चोराचें भय नाहीं, म्हणून ती सोयीची वाटते. परंतु गुरांच्या मुतापासून निघणारा अमोनिया पितळेचा वैरी आहे. हिंदुस्थानांतील इंग्रजी फौजेंत पावसाळ्यांत तबेल्यांजवळ ठेवलेल्या काडतुसांचीं पितळी टरफलें आपोआप तडकत असत. दमट हवेंतील अमोनिया हें त्याचें कारण १९२१ सालीं इंग्लंडांतील धातुशास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें. कार्ब्युरेटरमधील जेट व विजेच्या तारांचीं पुष्कळशीं टोकें पितळेचींच असतात. गाडी मधूनच बंद पडते, दिवा लुकलुकतो, मिस्त्रीला दोष सांपडत नाहीं, अशा वेळीं तारांचे जोड उघडून पाहावे. हिरवट बुरशीसारखा थर दिसला कीं रोग सांपडला. जोड घासून, पूर्ण वाळवून, त्यांवर व्हॅसलीनचा पातळ थर द्यावा. बॅटरीच्या टोकांवर पांढरा वा निळसर थर आल्यास तीं सुटीं करून कोमट पाण्यांत खाण्याचा सोडा घालून धुवावीं आणि कोरडीं झाल्यावर तोच उपाय करावा.

आतां एक गोष्ट अशी कीं जिच्यावर प्रथम विश्वास बसत नाहीं. एक लिटर पेट्रोल जळलें म्हणजे त्यापासून जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतें. इंजिन तापलें असेल तर तें वाफेच्या रूपानें निघून जातें. पण घरून शेतावर, शेतावरून घरीं, असा एकेक मैलाचा फेरा करणाऱ्या गाडीचें इंजिन पुरतें तापतच नाहीं. मग तें पाणी सायलेन्सरमध्यें सांचून त्यास आंतून कुजवितें, व कांहीं अंशीं इंजिनच्या तेलांत उतरतें. तेलाचा रंग दुधाळ चहासारखा झाला तर तें ताबडतोब बदलावें. उभ्या जागीं पांच मिनिटें इंजिन चालू ठेवण्याची चाल पुष्कळ ठिकाणीं आहे; तिचा उपयोग नाहीं, उलट पाण्यांत भर पडते. त्यापेक्षां आठवड्यांतून एकदां गाडी वीस-पंचवीस मिनिटें रस्त्यानें पळवावी.

पेट्रोलासंबंधींही सावध राहिलें पाहिजे. त्यांत उंसादिकांपासून काढलेलें इथेनॉल मिसळतात. हें प्रमाण २०२५ सालीं २० टक्क्यांपर्यंत पोंचलें. उंसवाल्या बंधूंना तें लाभाचें असेल, परंतु इथेनॉल हवेंतील पाणी शोषतें. पाणी मर्यादेबाहेर गेलें कीं तें इथेनॉलासह पेट्रोलापासून फुटून टाकीच्या तळाशीं बसतें, आणि इंजिनास पहिला घोंट तेथलाच मिळतो. टाकी अर्धी रिकामी असल्यास आंतल्या दमट हवेचें रात्रीं पाणी होतें, तें निराळेंच. म्हणून पावसाळ्यांत टाकी शक्य तों भरलेली ठेवावी, झांकणाचें रबर चिरलेलें असल्यास बदलावें, आणि गाडी महिनेच्या महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून आंतून तेलाचा हात द्यावा. एप्रिल २०२३ पूर्वींच्या गाड्यांच्या रबरी नळ्या व वॉशर यांवर विशेष नजर ठेवावी.

साखळी रॉकेलानें धुऊन, वाळवून, ९० क्रमांकाचें गिअर तेल आंतल्या बाजूनें थेंबाथेंबानें सोडावें. जाड ग्रीस वरून थापूं नये. त्यास चिखल चिकटतो व कानशीप्रमाणें घासूं लागतो. चाक हातानें फिरवावें. इंजिन चालू ठेवून हें काम केल्यानें बोटें गेल्याचीं उदाहरणें आहेत. उन्हाळ्यांत ५०० किलोमीटरांनीं एकदां हें पुरतें. पावसांत त्याच्या निम्म्यानें.

ब्रेकची गोष्ट पैशाची नसून जिवाची आहे. ओढा ओलांडल्यावर ड्रमांत पाणी शिरतें व ब्रेक लागत नाहीं. अशा वेळीं थोडें अंतर ब्रेक हलका दाबून गाडी हळू चालवावी, म्हणजे उष्णतेनें पाणी उडून जातें. चकतीच्या ब्रेकचें तेलही हवेंतील पाणी पितें. असें तेल जुन्या रस्त्यानें शिंग्रोबावरून बोरघाट उतरतांना, सततच्या दाबानें तापून उकळूं शकतें. मग मूठ दाबली तरी नुसती पोकळ लागते. दोन वर्षांनीं हें तेल बदलण्याचा खर्च थोडा आहे.

गाडी पुरांत बुडाली तर, जुलै २०२१ मध्यें महाड व चिपळूण येथें असंख्य गाड्या बुडाल्या त्याप्रमाणें, पाणी ओसरल्याबरोबर ती चालू करून पाहण्याचा मोह आवरावा. पाणी दाबलें जात नाहीं. सिलिंडरांत तें असतांना इंजिन फिरविलें तर आंतील दांडा वांकतो. प्रथम बॅटरी सोडवावी, प्लग काढून पाणी बाहेर काढावें, तेल व हवेची गाळणी बदलावी, आणि मगच मिस्त्रीच्या हातीं द्यावी.

गाडी ठेवण्यास वाऱ्याची पडवी उत्तम. प्लॅस्टिकच्या कागदांत ती घट्ट गुंडाळूं नये. आंत घाम धरतो. ओलें गोणपाट त्याहून वाईट. चाकांखालीं फळी द्यावी, आणि भाताच्या कणगीपासून दूर लावावी, कारण उंदीर भाताबरोबर तारांचाही समाचार घेतात. दसऱ्यास पूजेसाठीं जोराच्या फवाऱ्यानें गाडी धुण्याची जी हौस सुटते, तीही थोडी आवरावी: तो फवारा चाकाच्या बेअरिंगांत व स्विचांत पाणी कोंबतो. बादलीनें धुवावी, उन्हांत वाळवावी, साखळीस तेल द्यावें, आणि मग झेंडूची माळ घालावी.