वयाचा गट आणि पटाचा गट

यंदाच्या तालुका स्पर्धेत आमच्या शाळेचा सतरा वर्षांखालील मुलींचा खो-खो संघ एक डाव राखून पराभूत झाला, हे विद्यार्थिमित्रांना ठाऊक आहेच. परत येताना बसमध्ये कोणी फारसे बोलत नव्हते. डिचोली मागे पडल्यावर मागच्या बाकावरील एका खेळाडूने आम्हांस विचारले, "सर, तांच्या शाळेंत चेडवां कितलीं?" आम्ही अंदाजाने सांगितले की, त्या वयाच्या चारशे तरी असतील. तिने बोटांवर काही हिशेब केला आणि म्हणाली, "आमी एकेचाळीस." शिरगाव येईपर्यंत ती पुढे काही बोलली नाही.

तिचा प्रश्न आमच्या डोक्यातून गेला नाही. शालेय स्पर्धांत कोणी कोणाशी खेळावयाचे हे कोण ठरवितो आणि कोणत्या मापाने, याचा थोडा शोध घ्यावा असे वाटले. त्या शोधात जे हाती लागले ते येथे देत आहोत.

आपल्या देशात हे माप वयाचे आहे. भारतीय शालेय क्रीडा महासंघाची स्थापना १९५४ साली झाली. त्याच्या स्पर्धा मुख्यत्वे १४, १७ व १९ वर्षांखालील अशा तीन गटांत होतात आणि मुलगे व मुली यांचे गट निराळे असतात. गोव्यात या स्पर्धा क्रीडा व युवा व्यवहार संचालनालयामार्फत भरविल्या जातात. प्रथम तालुका, मग त्यावरील पायरी, मग राज्य. खेळाडूचे वय पाहिले जाते आणि तो त्याच शाळेचा विद्यार्थी आहे याबद्दल मुख्याध्यापकांचा दाखला पाहिला जातो. त्या शाळेत एकूण विद्यार्थी किती, हे कोठेही विचारले जात नाही. शंभर-दीडशे पटाची खेड्यातील शाळा आणि दीड हजार पटाची शहरातील शाळा एकाच चिठ्ठीपेटीतून निघतात आणि एकाच मैदानावर समोरासमोर उभ्या राहतात.

वयाचे माप धरण्यामागील कारण उघड आहे. तेरा वर्षांचा मुलगा आणि सोळा वर्षांचा मुलगा यांच्या शरीरात जे अंतर असते ते सरावाने भरून निघत नाही. शिवाय वय मोजण्यास सोपे, निदान तसे वाटते खरे. वस्तुतः या मापातही दोन खाचा आहेत. पहिली खाच तारखेची. वर्षाच्या अखेरीस वय मोजले म्हणजे २ जानेवारीस जन्मलेला आणि त्याच साली ३० डिसेंबरास जन्मलेला, असे दोघेही एकाच गटात येतात. दोघांत जवळजवळ एक वर्षाचे अंतर! कॅनडातील बर्फावरील हॉकीच्या संघांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेले खेळाडू प्रमाणाबाहेर जास्त असतात, असे तेथील मानसशास्त्रज्ञांनी १९८५ साली दाखवून दिले. थोडा मोठा म्हणून मूल निवडले जाते, निवडले गेले म्हणून त्याला अधिक शिक्षण मिळते, आणि मग ते खरोखरच अधिक चांगले खेळू लागते. आमच्या वाचकांपैकी ज्यांचा जन्म नाताळाच्या सुमारास झाला आहे त्यांनी हे ध्यानात ठेवावे आणि संघात निवड न झाल्यास मन लहान करू नये.

दुसरी खाच कागदाची. महाराष्ट्रातील मागच्या पिढीत १ जून रोजी जन्मलेल्या माणसांची संख्या पाहिली तर विधात्याने त्या दिवशी दुसरे कामच केले नसावे असे वाटते. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी तारीख लिहिली तीच जन्मतारीख झाली. आज जन्मदाखले असतात, तरीही वय चोरण्याचे प्रकार खेळात चालूच राहिले. म्हणून मनगटाच्या हाडांचे चित्र काढून वय ताडण्याची पद्धत आली. मनगटाची लहान हाडे आणि हाताच्या लांब हाडांची टोके ठराविक क्रमाने वाढतात व जुळतात, त्यावरून हा अंदाज बांधता येतो. २००९ साली नायजेरियात झालेल्या सतरा वर्षांखालील फुटबॉलच्या विश्वचषकात जागतिक संघटनेने अशी तपासणी प्रथम लावली.

कबड्डीत वयाबरोबर वजनही पाहतात. प्रौढ पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेतसुद्धा ८५ किलोची मर्यादा आहे, आणि कुमार व किशोर गटांत वय आणि वजन अशा दोन्ही अटी असतात. जुन्या कबड्डीपटूंना वजनकाट्यापूर्वी उपाशी राहिल्याच्या आठवणी सांगताना आम्ही ऐकले आहे. म्हणजे वय हे एकच माप पुरेसे नाही, हे आपल्या मातीतील खेळाला फार पूर्वीच उमगले होते. परंतु ही सारी मापे खेळाडूच्या देहाची झाली. शाळेच्या देहाचे माप आपण घेतलेले नाही.

ते अमेरिकेत घेतात. तेथे प्रत्येक राज्याची शालेय क्रीडा संघटना वेगळी असते आणि बहुतेक ठिकाणी शाळांचे वर्ग त्यांच्या पटावरून पाडले जातात. टेक्सासचे उदाहरण घेऊ. त्या राज्यात सहा वर्ग आहेत. एक वर्षाआड ऑक्टोबराच्या अखेरच्या शुक्रवारी प्रत्येक शाळेचा पट मोजून घेतात आणि त्या आकड्यावरून पुढील दोन वर्षे शाळा कोणत्या वर्गात खेळणार ते ठरते. सर्वांत वरच्या वर्गात दोन हजारांहून कितीतरी अधिक विद्यार्थी असलेल्या शाळा असतात, तर सर्वांत खालच्या वर्गाची मर्यादा १०५ च्या आसपास आहे. येथे पट म्हणजे नववी ते बारावी या चार इयत्तांचा, हे लक्षात घ्यावे. ज्या शाळेला त्यांच्या पद्धतीच्या फुटबॉलचे अकरा गडी उभे करणे कठीण, तिच्यासाठी सहा गड्यांचा फुटबॉल आहे. हा खेळ १९३४ साली नेब्रास्कातील स्टीफन एप्लर या शिक्षकाने लहान शाळांसाठीच बेतला. मुले कमी म्हणून खेळ बंद ठेवण्याऐवजी त्याने खेळच लहान केला, याचे आम्हांस विशेष कौतुक वाटते.

पटाने खरोखर एवढा फरक पडतो काय? केवळ समजुतीसाठी असे धरू की, दर शंभर मुलींत तीन मुली विशेष चपळ असतात. चाळीस मुलींच्या शाळेला अशी एक मिळेल, चारशेंच्या शाळेला बारा मिळतील. आता खो-खोचा संघ नऊ जणींचा. त्यांच्या नऊही जणी त्या बारांतून येतील. आमची एक त्यांच्या तोडीची, उरलेल्या आठ जणी घरच्या कामातून वेळ काढून सरावाला येणाऱ्या, मनाने धीट परंतु पायाने साधारण. यंदाच्या सामन्यात नेमके हेच दिसले. संरक्षणाला आमची पहिली तिघींची तुकडी उतरली ती उत्तम पळाली. दुसरी जेमतेम तग धरून राहिली. तिसरी येताच बाद झाली, आणि नऊही बाद झाल्यामुळे थकलेल्या पहिल्या तुकडीला पाळी संपण्याआधीच पुन्हा आत जावे लागले. तेथे सामना संपला. त्यांची तिसरी तुकडी आमच्या पहिलीच्या बरोबरीची होती. ज्यांना तिसऱ्या तुकडीतील मुलींना दोष द्यावासा वाटतो त्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते. खेळात गडी जितके अधिक, तितका लहान शाळेचा तोटा अधिक. धावण्याच्या शर्यतीला एकच चपळ मूल लागते, आणि ते लहान शाळेतही जन्म घेऊ शकते. कबड्डीला सात लागतात, खो-खोला नऊ, फुटबॉलला अकरा. लहान शाळेने सांघिक खेळ सोडून केवळ मैदानी शर्यतींवर भर द्यावा, असा सल्ला आम्हांस एका अनुभवी गृहस्थाने दिला तो याच तर्काने. तर्क बिनचूक आहे. तरीही तो आम्हांस रुचला नाही, कारण अकरा जणांनी मिळून हरणे हे एकट्याने जिंकण्याहून निराळे शिक्षण आहे आणि ते लहान शाळेतील मुलांनीही घ्यावे.

मग आपणही पटाने वर्ग पाडावेत काय? येथे दुसरी बाजू ऐकली पाहिजे, आणि ती इंडियाना राज्यातून ऐकणे उत्तम. तेथे बास्केटबॉलची एकच स्पर्धा असे, लहानमोठ्या सर्व शाळांची. १९५४ साली मायलन नावाच्या खेड्यातील १६१ विद्यार्थ्यांच्या शाळेने सुमारे दहापट मोठ्या मन्सी सेंट्रल शाळेला अंतिम सामन्यात ३२-३० असे हरविले. बॉबी प्लम्प या खेळाडूने अखेरच्या क्षणी चेंडू जाळीत टाकला आणि त्या राज्यात ती जणू पुराणकथाच झाली. १९८६ साली तिच्यावर बेतलेला चित्रपटही निघाला. परंतु हेही खरे की, त्यानंतर इतकी लहान शाळा पुन्हा कधी जिंकली नाही. अखेर १९९७-९८ पासून तेथे पटानुसार चार वर्ग झाले. प्लम्प यांचा त्याला विरोध होता. बलाढ्यांना हरविण्याची संधीच काढून घेतली तर लहान शाळेच्या विजेतेपदाला अर्थ काय, असा हा प्रश्न आहे. विरोधकांच्या बाजूने एवढे तरी म्हणता येईल की, १९५४ मध्ये चार वर्ग असते तर आज मायलनचे नाव आमच्या या वार्षिकात आले नसते.

जपानात अजूनही वर्ग नाहीत. तेथील शाळांची बेसबॉल स्पर्धा १९१५ पासून चालत आली आहे. २०१८ साली अकिता प्रांतातील कानाआशी या कृषी विद्यालयाचा संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि सारा देश त्याच्या पाठीशी उभा राहिला. अंतिम सामन्यात ओसाकाच्या नामांकित शाळेने त्यांना १३-२ असे हरविले. खेड्यांतून माणसे कमी होत चालल्यामुळे ज्या शाळांत नऊ मुले जमत नाहीत त्यांना दोन-तीन शाळांचा मिळून एक संघ उतरविण्याची मुभा मात्र तेथे आहे. अमेरिकेतही असे संयुक्त संघ असतात.

पटाचे माप घेतले म्हणजे भांडणे संपतात असेही नाही. खासगी शाळा दूरदूरचे खेळाडू निवडून घेऊ शकतात, म्हणून इलिनॉय राज्याने त्यांचा पट १.६५ ने गुणावयाचे ठरविले. गणिताच्या तासाला अपूर्णांक कशास शिकावे असे विचारणाऱ्या मुलांना हे उत्तर आम्ही यापुढे देणार आहोत. इंडियानात तर सतत जिंकणाऱ्या शाळेला वरच्या वर्गात चढविण्याचा नियम आहे, मग तिचा पट कितीही असो.

आपल्याकडील अडचण वेगळी आहे. पेडण्यासारख्या तालुक्यात हायस्कुले ती किती! त्यांचे तीन वर्ग पाडले तर एकेका वर्गात मूठभर शाळा उरतील, आणि पहिल्याच सामन्याला अंतिम सामना म्हणावे लागेल. तालुक्याची सीमा ओलांडावी तर पेडण्याच्या मुलांनी तोडीची शाळा गाठण्यासाठी काणकोणपर्यंत बस करावी लागेल, आणि त्या बसचे भाडे कोण देणार, हे आमच्या पालकांना विचारण्याची आमची तयारी नाही. उलट, सध्याच्या पद्धतीत एक दिलासा आहे तोही मान्य केला पाहिजे. महासंघाच्या राष्ट्रीय स्पर्धेत शाळा खेळत नाही, राज्याचा निवडक संघ खेळतो. हरलेल्या शाळेतील एखाद्या चांगल्या खेळाडूलाही निवड चाचणीची वाट मोकळी असते. १९६० पासून भारतीय वायुसेनेमार्फत भरणाऱ्या सुब्रतो चषकात मात्र शाळेचाच संघ शाळेच्या नावाने खेळतो, आणि तेथे लहान शाळेला निवडीची ही पळवाट नाही.

सर्व स्पर्धा पटाने विभागाव्यात असे आम्ही म्हणत नाही. राज्याची स्पर्धा आहे तशीच, सर्वांना खुली असावी. परंतु तालुक्यात तिच्या जोडीला लहान शाळांचे एक वेगळे चषक असण्यास काय हरकत आहे? पट नव्याने मोजण्याचीही गरज नाही. प्रत्येक शाळेचा पट शासनाकडे दरवर्षी जातोच. आणि जेथे गडीच पुरे होत नाहीत तेथे दोन शेजारच्या शाळांचा संयुक्त संघ का नसावा? शिरगाव, मुळगाव, मये येथील मुले श्रीलईराईच्या जत्रेत एकत्र नाचतात, तळ्यावर एकत्र पोहतात. शाळेच्या फाटकातील दाखला तेवढा त्यांना वेगळे करतो.

हे मत आम्ही मुख्याध्यापकांपुढे मांडले आहे, आणि शेजारच्या दोन शाळांतील शिक्षकांशीही बोलणे झाले आहे. एकाने हसून विचारले, "आणि कप्तान कोणत्या शाळेची?" ही अडचण खरोखरच मोठी आहे आणि तिचे उत्तर अद्याप सापडलेले नाही.

दरम्यान पुढील वर्षाची यादी करून पाहिली. यंदाच्या संघातील पाच मुली दहावी होऊन जात आहेत. सतरा वर्षांखालील गटात ज्यांनी यापूर्वी खो-खो खेळला आहे अशा सातच उरतात. दोन जागा रिकाम्या आहेत. आठवीतील ज्या मुलींना सरावाला यावयाचे असेल त्यांनी संध्याकाळी साडेचार वाजता खांबांपाशी यावे. यंदाची कप्तान, ती दहावीत असली तरी, परीक्षेपर्यंत दर शनिवारी शिकविण्यास येणार आहे.