पोटगी, जप्ती आणि आपल्या कोर्टातला वकील

घर मोडायला लागतं तेव्हा कर्ज आधी आलं की भांडण, हे सांगणं अवघड असतं. धंदा बसतो, हप्ते थकतात, बायकोचे दागिने गहाण पडतात, दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांसमोर नको ते बोललं जातं आणि ती मुलांना घेऊन माहेरी जाते. कधी उलटं घडतं. आधी वेगळं राहणं सुरू होतं, मग एका पगारात दोन घरं चालेनाशी होतात आणि वर्षभरात बँकेची नोटीस येते. एकाच आठवड्यात कौटुंबिक न्यायालयाचं समन्स आणि बँकेचं रजिस्टर्ड पत्र हातात पडलेली माणसं कुठल्याही जिल्हा न्यायालयाच्या आवारात भेटतात.

ही माणसं बहुतेक वेळा दोन वेगळ्या वकिलांकडे जातात. एकजण पोटगी कमी बसावी म्हणून ‘अशिलाचं उत्पन्न तुटपुंजं आहे, डोक्यावर कर्जाचा डोंगर आहे’ असं लिहून देतो. दुसरा बँकेला कळवतो की अशिलाचं उत्पन्न नियमित आहे, हप्ते नव्याने बांधून द्यावेत. दोन्ही कागदांखाली सही एकाच माणसाची. उलटतपासणीत हे कागद समोरासमोर ठेवले गेले की त्या माणसाच्या कुठल्याच शब्दाला किंमत राहत नाही. म्हणून माझं मत ठाम आहे: घरात कर्ज आणि वैवाहिक वाद एकत्र आले असतील, तर दोन्ही प्रकरणांचे सगळे कागद पाहणारा एक वकील हवा, आणि तो शक्यतो आपल्याच कोर्टात रोज उभा राहणारा असावा.

कर्जाच्या बाजूने आधी एक गैरसमज दूर करायला हवा. अमेरिकेत हप्ते थकलेला नोकरदार थेट दिवाळखोरीच्या न्यायालयात जातो आणि तिथे फक्त हेच काम करणारे वकील गावोगाव असतात. आपल्याकडे 2016 साली दिवाळखोरी संहिता आली खरी, पण तिच्यातला व्यक्तींसाठीचा भाग 1 डिसेंबर 2019 पासून लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांना. साध्या पगारदाराला किंवा दुकानदाराला आजही जुनेच नादारीचे कायदे लागू आहेत. मुंबईसाठी 1909 चा, उरलेल्या महाराष्ट्रासाठी 1920 चा. 1920 च्या कायद्यात अर्ज करायला किमान कर्ज किती असावं? 500 रुपये. शंभर वर्षांत तो आकडाही कोणी बदललेला नाही. असे अर्ज फार थोडे वकील चालवतात. बहुतेकांचा मार्ग बँकेशी तडजोड, लोकअदालत किंवा कर्जवसुली न्यायाधिकरण असाच जातो. ‘नादारीचा अर्ज करून सगळं माफ करून देतो’ असं कोणी पहिल्याच भेटीत म्हणालं, तर याआधी असा अर्ज कधी आणि कुठे चालवला, हे जरूर विचारा.

आणि सगळं माफ होतच नाही. 1920 च्या कायद्यातही फौजदारी कायद्याखाली ठरलेल्या पोटगीची जबाबदारी नादारीतून सुटका झाल्यावरही उरते. 2016 च्या संहितेत तर कोणत्याही कायद्याखालची पोटगी माफ न होणाऱ्या देण्यांत धरली आहे. सर्वोच्च न्यायालयानेही अलीकडे एका प्रकरणात थकलेल्या पोटगीला बँकांच्या वसुलीच्या आधीचं स्थान दिलं. दिवाळं निघालं की बायको-मुलांचं देणं संपतं, या समजुतीवर कित्येक नवरे आपला बचाव उभा करतात. तो बचाव टिकत नाही.

पगाराच्या जप्तीत हा फरक आकड्यांत दिसतो. समजा, जप्तीयोग्य पगार 31 हजार रुपये आहे. साध्या कर्जाच्या हुकूमनाम्यात दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 60 पहिले हजार रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोन तृतीयांश भाग सोडून द्यायला सांगतं. म्हणजे 21 हजार सुटतात, 10 हजारच जप्त होऊ शकतात. हुकूमनामा पोटगीचा असेल तर फक्त एक तृतीयांश पगार सुटतो आणि 20 हजारांहून जास्त रक्कम जप्तीत जाऊ शकते. याच कलमात अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं आणि धर्माच्या रिवाजाप्रमाणे स्त्रीने अंगावरून उतरवू नयेत असे दागिने जप्तीतून वगळले आहेत. बेलिफ दारात उभा असताना मंगळसूत्र काढून ठेवणाऱ्या बाईला हे कोणी सांगितलेलं नसतं. स्त्रीधन तर तिचं एकटीचंच. नवऱ्याच्या कर्जासाठी त्याला हात लावता येत नाही. मात्र कर्जाच्या कागदावर तिची सही सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून असेल, तर ती स्वतःच देणेकरी होते.

सगळ्यात जास्त घरं अडकतात ती याच सहीत. फ्लॅट दोघांच्या नावावर, गृहकर्जही दोघांच्या नावावर. परस्परसंमतीने घटस्फोट होतो आणि संमतीपत्रात एक ओळ येते: ‘यापुढील हप्ते पती भरील.’ न्यायाधीशांचा शिक्का बसतो, दोघं आपापल्या वाटेला लागतात. दोन वर्षांनी तो हप्ते थांबवतो आणि वसुलीवाल्याचा फोन तिला येतो. बँक त्या संमतीपत्रात पक्षकार नव्हती, त्यामुळे बँकेच्या दृष्टीने कर्जदार अजून दोघंच आहेत. हे टाळायचं तर घटस्फोटाचा हुकूम होण्याआधीच बँकेकडून लेखी मोकळीक घ्यावी लागते. ती मिळत नसेल तर कर्ज कोण, कोणत्या तारखेपर्यंत स्वतःच्या नावावर फिरवून घेईल आणि ते झालं नाही तर फ्लॅट विकून कोणाला किती मिळेल, हे संमतीपत्रात लिहावं लागतं. केवळ कौटुंबिक प्रकरणं चालवणाऱ्याकडून हा मुद्दा निसटू शकतो आणि केवळ वसुलीची प्रकरणं पाहणाऱ्यापुढे ते संमतीपत्र येतच नाही. वकिलाला पहिल्या भेटीत विचारायचा सर्वांत उपयोगी प्रश्न हाच: ‘आमच्या जॉइंट कर्जाचं तुम्ही काय कराल?’

सल्ला म्हणून एक धोकादायक गोष्टही सर्रास कानावर येते: घर बायकोच्या नावावर करून टाका, कागदोपत्री घटस्फोट घ्या, बँक काही करू शकणार नाही. 1920 च्या कायद्याप्रमाणे नादारीचा अर्ज दाखल होण्याआधीच्या दोन वर्षांत मोबदल्याशिवाय केलेलं हस्तांतर रद्द करता येतं, आणि धनकोंना बुडवण्यासाठी केलेलं हस्तांतर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 53 खालीही रद्द होऊ शकतं. शिवाय पोटगीच्या प्रकरणात 2020 पासून, ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेल्या प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार, दोन्ही पक्षांना उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं सविस्तर प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. असा सल्ला देणाऱ्या वकिलाच्या ऑफिसातून सरळ उठून यावं.

आता वकील शोधायचा कसा? वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलचे नियम मनाई करतात, म्हणून मोबाइलवर झळकणाऱ्या ‘नंबर वन घटस्फोट तज्ज्ञ’ अशा पाट्यांवर विसंबू नका. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद आहे का, ते विचारा. सनदेचा क्रमांक सांगायला कोणताही खरा वकील कचरत नाही. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर वकिलाच्या नावाने शोधलं तर त्या जिल्ह्यात तो कोणत्या प्रकारची प्रकरणं चालवतो, ती किती पुढे सरकली, हे घरबसल्या दिसतं. आपलं प्रकरण दाखल झालं की त्याचा 16 अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक लगेच लिहून घ्या. पुढची तारीख कळायला मग वकिलाच्या कारकुनाच्या फोनवर अवलंबून राहावं लागत नाही.

स्थानिक वकिलाचा खरा फायदा तारखांना कळतो. पुण्या-मुंबईचा नामांकित वकील तालुक्याच्या कोर्टात एका तारखेला येतो, पुढच्या चार तारखांना मुदत मागतो आणि येण्या-जाण्याचा खर्च पक्षकाराच्या माथी पडतो. रोज तिथे असणाऱ्याला समुपदेशक कोणत्या दिवशी बसतात, नकला कधी मिळतात, लोकअदालतीत कोणती बँक खरोखर सूट देते, हे ठाऊक असतं. पण लहान गावात एक अडचणही असते. तोच वकील सासरच्यांचं जमिनीचं प्रकरण पाहत असू शकतो, किंवा पतसंस्थेच्या पॅनेलवर असू शकतो. हे स्पष्ट विचारा, आणि तसं असेल तर शेजारच्या तालुक्यातला वकील गाठा. परस्परसंमतीच्या घटस्फोटात ‘दोघांचं मीच बघतो’ असं म्हणणारा वकील फी वाचवतो. पण मध्ये कर्ज असेल तर दोघांचं हित एक उरत नाही. तिथे आपला माणूस वेगळाच हवा.

फीबद्दल संकोच नको. एकूण किती, टप्प्याटप्प्याने किती, कोर्ट फी आणि नोटरीचा खर्च त्यात धरला आहे का, हे कागदावर घ्या आणि पावती मागा. निकालात मिळालेल्या रकमेचा हिस्सा फी म्हणून मागायला नियमांची परवानगी नाही. पुढे न पटल्यास वकील बदलता येतो. फी थकली म्हणून जुन्या वकिलाने आपले कागद अडवून ठेवणं चूक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2000 सालीच सांगितलं आहे. वकिलाविरुद्ध ग्राहक आयोगात जाण्याचा मार्ग मात्र मे 2024 च्या निकालाने बंद झाला. आता तक्रार बार कौन्सिलकडेच करावी लागते.

कौटुंबिक न्यायालयात वकील हा पक्षकाराचा हक्क नाही. 1984 च्या कायद्याच्या कलम 13 प्रमाणे न्यायालयाची परवानगी लागते, आणि ती बहुधा मिळते. तरी न्यायाधीश आणि समुपदेशक प्रश्न थेट तुम्हालाच विचारतात. म्हणून अर्जातली प्रत्येक ओळ सही करण्याआधी मराठीत समजावून घ्या, न समजलेल्या कागदावर सही करू नका.

पैसे नाहीत म्हणून गप्प बसलेल्या बायकांना एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. प्रत्येक जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. तिथे महिलेला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. पुरुषांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 3 लाख रुपये आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना ती मर्यादा लागू नाही. टोल फ्री क्रमांक 15100.