मांडीतली गाठ



मागच्या उन्हाळ्यात पाड्यावरची एक मावशी लंगडत आमच्या केंद्रावर आली. मांडीत लिंबाएवढी गाठ, संध्याकाळी अंगात कणकण. आधी भगताचा लेप झाला होता, मग कुठल्याशा डॉक्टरची तीन इंजेक्शनं. कसली, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. चिठ्ठीसुद्धा दिलेली नव्हती.

जिल्ह्याच्या रुग्णालयात गाठीचा तुकडा काढून तपासला. अहवालात शब्द आला, ‘ग्रॅन्युलोमा’. तिचा मुलगा घाबरला. "ताई, कॅन्सर का?"

कॅन्सर नव्हता. मी ईशज्ञान शिकलेली, वैद्यकशास्त्र नव्हे. पण डॉक्टरांनी समजावलं ते सांगते. शरीरात शिरलेली एखादी गोष्ट पांढऱ्या पेशींना नष्ट करता आली नाही, की त्या तिच्याभोवती दाटीवाटीने कुंपण घालतात. ते कुंपण म्हणजे ग्रॅन्युलोमा. हे रोगाचं नाव नव्हे. कुंपणाआड काय दडलंय, ते वेगळं शोधावं लागतं.

आत क्षयाचे जंतू असू शकतात. स्नायूचा क्षय तसा क्वचितच होतो. पुष्कळदा तो शेजारच्या हाडातून किंवा सांध्यातून येतो. मणक्याच्या क्षयात तर पू कमरेच्या स्नायूतून उतरत जांघेपर्यंत पोचतो. कधी बुरशी, कधी परजीवी, कधी मांसात मोडून राहिलेला काटा. आणि सारकॉइडोसिस नावाचा एक आजार, ज्याचं मूळ अजून नक्की सापडलेलं नाही. त्यात स्नायूंमध्ये ग्रॅन्युलोमा असूनही रुग्णाला कित्येकदा पत्ता नसतो.

खरी अडचण पुढेच आहे. सारकॉइडोसिसवर स्टेरॉइड देतात. क्षय असताना नुसतं स्टेरॉइड दिलं, तर कुंपण ढासळतं आणि जंतू मोकाट सुटतात. मावशीची ती तीन इंजेक्शनं स्टेरॉइडची तर नव्हती ना, ही शंका माझ्या मनातून अजून गेलेली नाही.

म्हणून डॉक्टरांनी औषध लगेच लिहिलं नाही. छातीचा एक्स-रे, गाठीतल्या पुवाची सीबीनॅट तपासणी, शिवाय कल्चर, ज्याला काही आठवडे लागतात. मुलगा चिडला, "नुसतं थांबायचं?" पण सीबीनॅटमध्ये क्षयाचे जंतू सापडले. सरकारी औषधं मोफत सुरू झाली.

आता ती बाजारापर्यंत चालते. क्षयरुग्णांना पोषणासाठी नोव्हेंबर 2024 पासून महिना 1000 रुपये मिळतात. तिचे अजून जमा झालेले नाहीत. खात्याला आधार जोडलेलं नाही म्हणतात. सोमवारी आम्ही दोघी बँकेत जाणार आहोत.