‘वेट’ पाठवा की ‘वेट’ करा? उच्चार एक, अर्थ दोन. कळमन्याच्या काटापट्टीवरून समजून घ्या इंग्रजी शब्दांचा घोळ

धर्मकाट्यावरून मिळणाऱ्या पावतीवर साधारणपणे तीन आकडे असतात : ग्रॉस वेट, टेअर वेट आणि नेट वेट. भरलेल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन आणि दोहोंची वजाबाकी करून उरलेले मालाचे वजन. नागपूरच्या कळमना येथील पंडित जवाहरलाल नेहरू मार्केट यार्डात धान्य, मिरची किंवा संत्री घेऊन येणाऱ्या कुणालाही हे समजावून सांगावे लागत नाही. अडचण येते ती हेच आकडे मोबाइलवर इंग्रजीत टाइप करून पाठवताना. ‘नेट वेट’ लिहिताना बोटे सवयीने डब्ल्यू-ए-आय-टी दाबतात. त्याचा अर्थ ‘थांबा’. वजनाचे स्पेलिंग आहे डब्ल्यू-ई-आय-जी-एच-टी.

फोन अशा वेळी लाल रेघ ओढेलच असे नाही. कारण स्पेलिंग चुकलेले नसते, शब्द चुकलेला असतो. स्पेलिंग तपासणारी साधी यंत्रणा फक्त एवढेच बघते, की हा शब्द शब्दकोशात आहे का? ‘थांबा’वाला ‘वेट’ शब्दकोशात आहेच. त्यामुळे तो बिनबोभाट पुढे जातो.

बहुतेक वेळा काही बिघडत नाही. मेसेजमध्ये ‘नेट वेट ४२ क्विंटल’ असे असेल, तर स्पेलिंग कसेही असो, वाचणाऱ्याला कळते. पण नुसते ‘वेट प्लीज’ एवढेच लिहून पाठवले तर? गाडी घेऊन आलेल्याने वजन कळवायचे की गेटवर थांबायचे? समजा गाडीत संत्री आहेत, हर्रास सुरू झाला आहे आणि गाडीवाला अर्धा तास निवांत थांबला आहे. तेवढ्या वेळात भाव खाली येऊ शकतो. एका शब्दाची किंमत मग किलोमागे मोजावी लागते.

एका ‘टू’मुळे काय झाले?

या घोळाचे सर्वांत वेदनादायक उदाहरण हवाई वाहतुकीतले आहे. १९ फेब्रुवारी १९८९ रोजी फ्लाइंग टायगर कंपनीचे बोइंग ७४७ मालवाहू विमान सिंगापूरहून क्वालालंपूरला उतरायला निघाले होते. नियंत्रण कक्षाला विमान २,४०० फुटांपर्यंत खाली आणायचे होते. त्यासाठी आकडे सुटे उच्चारले गेले : टू, फोर, झिरो, झिरो. वैमानिकांच्या कानावर पडलेला ‘टू’ त्यांनी ‘दोन’ असा न घेता ‘पर्यंत’ असा घेतला. म्हणजे ‘४०० फुटांपर्यंत खाली या’. त्यांनी उत्तरात फक्त ‘फोर झिरो झिरो’ म्हटले आणि नियंत्रकाने ते दुरुस्त केले नाही. विमान टेकडीवर आदळले. विमानातील चौघेही ठार झाले.

केवळ एका शब्दाने विमान पाडले, असे म्हणणे योग्य होणार नाही. जमीन जवळ आल्याचा इशारा कॉकपिटमध्ये वाजत होता, त्याकडेही दुर्लक्ष झाले. पण साखळीची पहिली कडी तो ‘टू’ होता. प्रमाण पद्धत अशी, की उंची ‘टू थाउजंड फोर हंड्रेड’ अशी पूर्ण बोलायची आणि आधी ‘ऑल्टिट्यूड’ हा शब्द लावायचा. मग ‘टू’ कुठला, हा प्रश्नच उरत नाही. ही युक्ती बाजारातही चालते. ती पुढे बघू.

इंग्रजीत असे शब्द इतके का?

इंग्रजीचे स्पेलिंग जुन्या उच्चाराला चिकटून राहिले आणि उच्चार पुढे निघून गेला. विल्यम कॅक्सटनने १४७६ मध्ये इंग्लंडमध्ये छापखाना आणला. त्यानंतर हळूहळू स्पेलिंग स्थिर होत गेले, पण त्याच काळात आणि नंतरही स्वर बदलत राहिले. वजनाच्या ‘वेट’मधले जी-एच आज मुके आहे, पण एके काळी तिथे घशातून येणारा खरा ध्वनी होता. म्हणजे ‘वजन’ आणि ‘थांबणे’ हे शब्द तेव्हा कानाला वेगळे लागत. ‘मांस’वाला ‘मीट’ आणि ‘भेटणे’वाला ‘मीट’ यांचेही तसेच. उच्चार एक झाले, स्पेलिंग वेगळी राहिली.

काही ठिकाणी गोष्ट अगदी उलटी आहे. ‘फ्लॉवर’ म्हणजे फूल आणि ‘फ्लॉवर’सारखाच ऐकू येणारा पिठाचा शब्द हे मुळात एकच. पीठ म्हणजे दळणाचा सर्वांत चांगला भाग, त्याचे ‘फूल’. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या प्रसिद्ध शब्दकोशातही पिठाला स्वतंत्र जागा नव्हती. नंतर पिठाने एफ-एल-ओ-यू-आर हे स्पेलिंग पक्के केले. आपण मराठीत त्यात तिसरी भर घातली. भाजी बाजारात ‘फ्लॉवर’ म्हटले की ना फूल, ना पीठ, थेट फुलकोबी.

पावतीवरचा ‘टेअर’ही असाच. टी-ए-आर-ई म्हणजे बारदान्याचे किंवा रिकाम्या गाडीचे वजावट वजन. हा शब्द अरबीतून युरोपमार्गे इंग्रजीत आला, मूळ अर्थ ‘टाकून दिलेले’. टी-ई-ए-आर म्हणजे फाटणे. उच्चार तोच. त्यामुळे ‘बॅग टेअर’ असा मेसेज आला, तर कट्ट्याचे वजन विचारले आहे की कट्टा फाटला आहे, हे फोटो मागितल्याशिवाय सांगता येत नाही. त्यातही गंमत म्हणजे ‘फाटणे’चे स्पेलिंग तसेच ठेवून ‘टीअर’ वाचले की अर्थ होतो अश्रू.

मराठी माणसाचा जादा घोळ

इंग्रजांना जे शब्द वेगळे ऐकू येतात, त्यातलेही बरेच आपल्या कानाला एक वाटतात. कारण साधे आहे. इंग्रजीत ऱ्हस्व ‘ए’ आणि लांब ‘एइ’ असे दोन स्वर आहेत, मराठीत त्या दोघांसाठी एकच ‘ए’. म्हणून विकणे, विक्री आणि बॅटरीतला घटक हे तिन्ही आपल्याकडे ‘सेल’. इंग्रजी कानाला यातले पहिला आणि तिसरा सारखे, ‘विक्री’ मात्र वेगळा. कर्ज आणि तारीख दोन्ही ‘डेट’. मिरी आणि वर्तमानपत्र दोन्ही ‘पेपर’. चाचणी आणि चव दोन्ही ‘टेस्ट’. ओला, थांबा आणि वजन हे तिन्ही ‘वेट’. ओल्या सोयाबीनच्या हंगामात हे शेवटचे त्रिकूट चांगलेच त्रासदायक ठरू शकते. सोयाबीनसाठी ओलाव्याची नेहमीची मर्यादा १२ टक्के आहे. ‘वेट जादा आहे’ म्हणजे वजन जास्त की ओलावा जास्त, यावर दर ठरतो.

लिपीने अशी दरी भरून काढल्याचेही उदाहरण आहे. ‘बॅट’ आणि ‘बेट’, ‘हॉल’ आणि ‘होल’ आपण वेगळे लिहू शकतो, कारण ॲ आणि ऑ हे स्वर मराठीने सामावून घेतले. राज्य सरकारच्या २००९ च्या वर्णमालेविषयीच्या शासन निर्णयात त्यांना अधिकृत स्थान मिळाले. ऱ्हस्व ‘ए’साठी मात्र वेगळे अक्षर रूढ नाही आणि रोजच्या मराठीला त्याची गरजही नाही.

विदर्भातला आणखी एक शब्द बघण्यासारखा आहे : ‘बेल’. जिनिंगमध्ये ती कापसाची गाठ, भारतात तिचे प्रमाण वजन १७० किलो. कोर्टात तो जामीन. शाळेत ती घंटा आणि श्रावणी सोमवारी ते महादेवाचे पान. गाठ बी-ए-एल-ई, जामीन बी-ए-आय-एल. बँकेच्या कागदावरचा ‘प्रिन्सिपल’ही तपासून घ्यावा. शेवटी पी-ए-एल असेल तर मुद्दल (किंवा मुख्याध्यापक), पी-एल-ई असेल तर तत्त्व. कर्जाच्या अर्जात तत्त्वाची गरज नसते, मुद्दलाची असते.

आद्याक्षरेही फसवतात. सरकारी खरेदीत ‘एफएक्यू’ म्हणजे फेअर ॲव्हरेज क्वालिटी, सर्वसाधारण चांगल्या दर्जाचा माल. कोणत्याही ॲपमध्ये ‘एफएक्यू’ म्हणजे नेहमी विचारले जाणारे प्रश्न. हमीभावाचे निकष शोधायला निघालेला तरुण शेतकरी थेट ‘पासवर्ड कसा बदलावा’ इथे पोहोचू शकतो.

मग करायचे काय?

याद्या पाठ करून फारसा फायदा नाही. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत अशा जोड्या शेकड्यांनी असतात आणि परीक्षेनंतर त्या विसरल्या जातात. त्यापेक्षा आपल्या कामात रोज येणारे सात-आठ शब्द शोधावेत आणि प्रत्येकाला एक सोबती द्यावा. वजन लिहिताना एकक सोडू नये. ‘नेट वेट ४२ क्विंटल’मध्ये ‘क्विंटल’ने काम केलेले असते. विमानाच्या संदेशात ‘ऑल्टिट्यूड’ हेच करतो.

बोलून टाइप करणाऱ्यांनी तुटक बोलू नये. आवाजावरून लिहिणारी यंत्रणा ध्वनीबरोबर आजूबाजूचे शब्दही बघते आणि कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, याचा हिशेब करते. ‘नेट’नंतर वजन येण्याची शक्यता जास्त, ‘प्लीज’नंतर थांबणे. तुम्ही एकटा शब्द बोललात, तर तिच्याकडेही अंदाजापलीकडे काही नसते.

रकमेच्या बाबतीत कायद्याने आधीच वाट दाखवली आहे. १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्यानुसार चेकवरील अक्षरी रक्कम आणि आकडा जुळत नसेल, तर अक्षरी रक्कम ग्राह्य धरली जाते. फोनवर ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांत गफलत होते, ‘पंधरा’ आणि ‘पन्नास’ यांत होत नाही. भाव सांगताना मराठीत सांगावा, समोरच्याकडून परत म्हणवून घ्यावा आणि मगच गाडी रिकामी करावी. ‘वेट’ऐवजी ‘वजन’ लिहिले तरी कळमन्यात कुणी नाव ठेवणार नाही.